पातं गंजतं, मूठ तडकते: हातानं घडवलेल्या चाकूंचा संग्रह आणि निगा

खिशातल्या घडीच्या चाकूंचा नाद लागलेला माणूस सुरुवातीला पात्याबद्दलच बोलतो. पोलाद कुठलं, धार किती टिकते, कारागीर कोण. नाद मुरला की बोलणं आपोआप मुठीवर येतं. पातं गंजलं तर गंज काढता येतो, बोथट झालं तर धार लावता येते, टोक मोडलं तरी घासून नवं काढता येतं. मुठीला तडा गेला की गेला. मूठ बदलून मिळते, पण मग चाकू मूळचा राहत नाही, आणि संग्रहात मूळपणालाच मोल असतं.

माझं असंही मत आहे की जुन्या चाकूंच्या मुठी दुर्लक्षानं जेवढ्या बिघडतात, त्याहून जास्त त्या मालकाच्या हौसेनं बिघडतात. तेल चोळून, घासून, चकाकी आणून, धुऊन उन्हात ठेवून. त्यामुळे पुढे काय करावं यापेक्षा काय करू नये हेच जास्त येणार आहे. आणि ते का करू नये, हे मूठ कशाची आहे ते कळल्याशिवाय कळत नाही.

आधी आतली रचना

घडीच्या चाकूच्या पाठीत पोलादाची एक लांब पट्टी असते, ती स्प्रिंग. दोन्ही बाजूंना पितळेचे किंवा जर्मन सिल्व्हरचे पातळ पत्रे. पत्र्यांवर बाहेरून मुठीच्या दोन फळ्या, टोकांना धातूचे जाड तुकडे, म्हणजे बोल्स्टर. हे सगळं आरपार धरून ठेवतात त्या पिना. जुन्या पद्धतीच्या चाकूला खटका किंवा लॉक नसतो. पातं उघडं राहतं ते फक्त स्प्रिंगच्या दाबावर. या रचनेला स्लिपजॉइंट म्हणतात.

चाकू हातानं घडवलेला आहे म्हणजे नेमकं काय, हे या स्प्रिंगपाशी दिसतं. पातं पूर्ण उघडा आणि चाकूच्या पाठीवरून बोटाचं पेर फिरवा. स्प्रिंग दोन्ही पत्र्यांशी एका पातळीत हवी. पातं अर्धं मिटा, पुन्हा फिरवा. पूर्ण मिटा, पुन्हा फिरवा. तिन्ही स्थितींत स्प्रिंग कुठेही वर आली नाही की खाली गेली नाही, तर कारागिरानं तिथे कानशीनं बराच वेळ घालवलेला आहे. मग चाकू उजेडासमोर धरा. स्प्रिंग आणि पत्रे यांच्यातून प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. जाणकार लोक पातं उघडता-मिटताना कानही देतात. आवाज कोरडा आणि ठाम हवा. मिटताना मात्र पातं 'टक्' करून सोडू नये. काही चाकूंत धार आतून स्प्रिंगवर आपटते आणि तेवढ्याच जागी धारेला बारीक खाच पडते.

हे कसब काही ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये चाकूवाल्यांचा संघ १६२४ साली कायद्यानं स्थापन झाला. त्याच गावचे स्टॅन शॉ (१९२६–२०२१) पोरवयात कामाला लागले आणि म्हाताऱ्या वयापर्यंत एकहाती घडीचे चाकू करत राहिले. फ्रान्समधली थिएर आणि लागिओल, जर्मनीतलं झोलिंगेन, सार्डिनिया बेटावरचं पट्टाडा, जपानमधलं सेकी ही अशीच चाकूंची गावं. मूठ कशाची, हे बऱ्याचदा गावावरून ठरलं. लागिओलच्या पठारावर गाईगुरं, म्हणून गुरांच्या शिंगाची मूठ. पट्टाडात मेंढ्याच्या शिंगाची. शेफील्डच्या मालाला जगभरचा व्यापार जोडलेला, म्हणून तिथे हस्तिदंत, मोत्याचा शिंपला, सांबरशिंग, म्हशीचं शिंग असं सगळंच. १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनासाठी शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीनं पंचाहत्तर पात्यांचा अवाढव्य 'नॉरफोक' चाकू केला, त्याची मूठ शिंपल्याचीच होती.

मुठीतलं पाणी

लाकूड, हाड, शिंग, हस्तिदंत हे सगळे जिवंत शरीराचे भाग. झाड तोडलं, जनावर मेलं, तरी हे पदार्थ हवेतला ओलावा घेत-सोडत राहतात. लाकडाचे आकडे पक्के माहीत आहेत. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी राहतं, ५० टक्क्यांना सुमारे ९ आणि ८० टक्क्यांना सुमारे १६. पाणी वाढलं की लाकूड फुगतं, घटलं की आकसतं. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं ते यामुळेच. पण सगळ्या बाजूंना हे सारखं होत नाही. रेषांच्या लांबीत जवळपास काहीच बदल होत नाही, रुंदीत होतो. त्यातही वाढीच्या वर्तुळांच्या कडेनं होणारा बदल गाभ्याच्या दिशेनं होणाऱ्या बदलाच्या साधारण दुप्पट असतो.

आता मुठीचा हिशेब करू. फळी १५ मिलिमीटर रुंद आहे आणि तिच्यातलं पाणी १२ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. सर्वसाधारण लाकूड असेल तर फळी रुंदीत जास्तीत जास्त पाव मिलिमीटरच्या आसपास आकसेल. एवढ्यानं काय होतंय, असं वाटेल. पण खालचा पितळेचा पत्रा ओलाव्यानं तसूभरही हलत नाही आणि फळी त्यालाच पिनांनी जखडलेली आहे. आधी पत्र्याशी सपाट असलेली कड आता नखाला अडते. पिना लांबीच्या ओळीत असतील तर बहुधा एवढ्यावर भागतं. दोन पिना रुंदीत शेजारी-शेजारी ठोकल्या असतील तर लाकडाला आकसायला जागाच नाही, आणि चीर पिनेपासूनच सुरू होते. म्हणून चाकू विकत घेताना भिंग लावून आधी पिनांच्या भोवती बघायचं. केसाएवढी बारीक रेघ असली तरी ती दिसते, आणि विकणाऱ्यानं मेण भरून बुजवली असेल तर तिरप्या उजेडात दिसते.

किती ओलावा आहे यापेक्षा तो किती झपाट्यानं बदलतो, याला जास्त महत्त्व आहे. बदल सावकाश झाला तर फळीचा बाहेरचा आणि आतला भाग बरोबरीनं आकसतो. गाडीच्या डॅशबोर्डवर, हीटरजवळ, दिव्याच्या झोतात ठेवला तर वरचा थर आधी सुकतो, आतला अजून ओलाच असतो आणि वरचा थर फाटतो.

प्रत्येक पदार्थाचा स्वभाव वेगळा

लाकडाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आबनूस काळंभोर, देखणं आणि चिरा जाण्यात बदनाम. शिसवाच्या कुळातली लाकडं जात्याच तेलकट असतात, त्यांना वरून तेलाची गरज नसते. ऑलिव्ह किंवा अक्रोडासारख्या लाकडाला क्वचित, अगदी पुसट तेल चालतं. हल्ली बरेच कारागीर 'स्टॅबिलाइझ्ड' लाकूड वापरतात. निर्वात भांड्यात लाकडाच्या छिद्रांमधली हवा ओढून घेऊन तिथे पातळ राळ भरतात आणि ती उष्णतेनं घट्ट करतात. अशा लाकडाला तेल लावणं म्हणजे काचेला तेल लावणं. वर थर चिकटतो, आत काही जात नाही.

जवसाचं तेल मात्र सांभाळून वापरावं. ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होतं आणि त्या क्रियेत उष्णता निघते. तेलात भिजलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर ही उष्णता आत कोंडून फडकं आपोआप पेटू शकतं. फडकं उलगडून मोकळ्या हवेत वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. स्वयंपाकाच्या तेलांचं दुखणं वेगळं. ती काही दिवसांनी खवट होतात नाहीतर चिकट, आणि त्यावर धूळ बसून मूठ मळकट दिसते.

शिंगाच्या बाबतीत सर्वांत मोठा घोटाळा होतो, कारण मराठीत दोन अगदी वेगळ्या पदार्थांना आपण शिंगच म्हणतो. गाय, म्हैस, मेंढा यांचं शिंग म्हणजे आतल्या हाडावर चढलेलं केराटिनचं आवरण. आपली नखं आणि केस याच द्रव्याचे. सांबर, हरीण यांचं फांद्या फुटलेलं शिंग हे मात्र शुद्ध हाड. दरवर्षी नव्यानं वाढतं आणि गळून पडतं.

केराटिनचं शिंग थरांचं बनलेलं असतं. उष्णतेनं ते मऊ होतं. कारागीर ते तापवून चपटं करतात. पण शिंगाला मूळचा बाक आठवतो आणि चाकू उन्हात तापला की फळी पुन्हा वाकायला बघते, टोकाकडून पत्र्यापासून सुटते. फार कोरडं पडलं की थर सुटतात आणि कडेला पापुद्रे दिसू लागतात. अशा शिंगाला लॅनोलिनचा, म्हणजे लोकरीतून निघणाऱ्या मेणाचा, पातळ हात अधूनमधून मानवतो. शिंगाला शत्रूही खास आहे. लोकरीचे कपडे खाणारी कसर आणि कार्पेट बीटलच्या केसाळ अळ्या केराटिनवरच जगतात, आणि त्यांना कोट आणि चाकू यांत फरक वाटत नाही. मुठीवर बारीक खड्डे किंवा डबीत भुसा दिसला, तर तो चाकू आधी बाकीच्यांपासून वेगळा करा.

हाड त्यामानानं गरीब बिचारं. पॉकेट चाकूंवर दिसतं ते बहुतेक गुरांच्या नळीचं हाड, वर कोरून खाचा पाडलेलं आणि रंगवलेलं. ते सच्छिद्र असतं. भिंगाखाली बारीक काळे ठिपके किंवा रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. सगळं त्यांतूनच आत शिरतं. घाम, हाताचं तेल आणि मुख्य म्हणजे सांध्याला घातलेलं तेल. बोल्स्टरला लागून हाडावर काळपट सावली दिसली तर समजावं की कुणीतरी सांध्यावर तेलाचा फवारा मारला होता. हा डाग निघत नाही. तेल घालायचंच तर सुईच्या टोकावर एक थेंब घ्यावा, पात्याच्या पिनेपाशी आतल्या बाजूनं सोडावा, पातं आठ-दहा वेळा उघड-मीट करावं आणि बाहेर येणारा काळा मळ कापसानं लगेच टिपावा. डब्ल्यूडी-४० सारखे फवारे घाण सैल करायला ठीक, पण हाडाच्या आसपास ते नकोतच.

सांबरशिंगाची साल खडबडीत, तपकिरी, आणि तीच त्याची शोभा. आत गाभा स्पंजासारखा असतो. चांगल्या फळीत सालीखालचा घट्ट भागच असतो. भारतातल्या सांबराचं शिंग घट्ट आणि कमी गाभ्याचं म्हणून शेफील्डपासून अमेरिकेपर्यंत नावाजलं गेलं. निगेच्या दृष्टीनं हा सर्वांत सोशिक पदार्थ आहे. सालीत बसलेला काळसर रंग घाण समजून ब्रशनं घासू नका, इतकंच.

हस्तिदंत म्हणजे दात. उष्णता आणि कोरडेपणा त्याला सोसत नाही, तो लांबीच्या रेषेत तडकतो. अंधारात वर्षानुवर्षं राहिला की पिवळा पडतो. तो पिवळेपणा जुन्या चाकूची ओळख असतो, ब्लीच करून तो घालवणं म्हणजे नुसता रंग नव्हे तर वयही पुसणं. मॅमथचा दात हत्तीच्या दातापासून ओळखायची एक नामी खूण आहे. आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात. बाहेरच्या कडेजवळ त्यांचा कोन ९० अंशांहून कमी असेल तर मॅमथ, ११५ हून जास्त असेल तर हत्ती. चाकूच्या फळीवर नेमका आडवा छेद क्वचितच दिसतो, पण टोकाला कधी कधी मिळतो.

मोत्याचा शिंपला ओलाव्याला फारसा दाद देत नाही. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, मध्ये प्रथिनांचे पातळ थर. त्याला खातं ते आम्ल. व्हिनेगर, लिंबू, घाम, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसलेलं कपाटाचं लाकूड. ओक लाकडातून अॅसेटिक आम्लाची वाफ सतत सुटत असते. अशा कपाटांत ठेवलेल्या शंख-शिंपल्यांवर पांढरे क्षार फुलून येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याचं वर्णन करणाऱ्या बाइन यांच्या नावानं त्याला 'बाइनचा रोग' म्हणतात. रोग वगैरे काही नाही, साधं रसायनशास्त्र आहे. शिंपला ठिसूळही असतो. पडला की पिनेपाशी टवका उडतो. अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये तर तो कधीच घालू नये.

डबीतला खोटारडा

संग्रहातला सर्वांत धोकादायक पदार्थ नैसर्गिक नसतोच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेल्युलॉइड आलं आणि हस्तिदंत, शिंग, कासवाचं कवच या सगळ्यांची नक्कल त्यात होऊ लागली. दिसायला सुरेख. पण हे मुळात नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं मिश्रण. दशकं गेली की ते आतून विघटित होऊ लागतं आणि त्यातून नायट्रोजनच्या ऑक्साइडांची वाफ सुटते, जी ओलाव्यात मिसळून आम्ल होते. त्या चाकूचं पातं गंजतं, पत्र्यावर हिरवा कळंक चढतो, आणि एवढ्यावर न थांबता त्याच डबीतले शेजारचे धडधाकट चाकूही गंजतात. कापराचा किंवा झोंबणारा वास, मुठीवर जाळीदार चिरा, एकाच चाकूभोवती कारण नसताना वाढलेला गंज, ही लक्षणं. असा चाकू मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर ठेवावा.

म्हणूनच 'गरम सुई टोचून बघा, प्लॅस्टिक असेल तर वास येईल' हा जुना सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अस्सल मुठीला कायमचं भोक पडतं आणि सेल्युलॉइड भसकन पेटतं. भिंग पुरेसं आहे. हाडात ठिपके दिसतात, शिंगात सलग धागे, चाकू उजेडात वळवला की शिंपल्यात रंगाची खोली बदलते. साच्यातल्या प्लॅस्टिकवर कडेनं जोडाची रेघ असते.

ठेवायचं कसं

आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान आणि शक्य तितकी स्थिर असावी. पोलादाला याहून कोरडं आवडेल, मुठीला नाही, त्यामुळे हा मधला तोडगा. बंद डबीत सिलिका जेलच्या पुड्या ढिगानं टाकणारे लोक गंज टाळतात आणि तडे ओढवून घेतात. डबीत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको. तो तपासायची सोपी रीत अशी: बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात ओल्या वाळूइतपत दाट होईल एवढंच पाणी घाला, मीठ पूर्ण विरघळता कामा नये. झाकण आणि मापक दोन्ही एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. नेहमीच्या तापमानाला पिशवीतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७० दाखवत असेल तर तो पाच टक्के कमी दाखवतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

चामड्याच्या म्यानात किंवा पाकिटात चाकू कायमचा ठेवू नये. कमावलेल्या चामड्यात टॅनिन आणि क्षार राहतात, ते ओलावा धरतात, आणि पितळ कळकतं. ओकची पेटी आणि साधा पुठ्ठा हेही आम्लामुळे बाद. धुवट सुती कापड किंवा आम्लविरहित कागद उत्तम.

साफसफाई म्हणजे मऊ कोरडं फडकं. फारच मळ असेल तर किंचित ओलसर, आणि लगेच कोरडं. मग वर्षाकाठी एखाद्या वेळी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा नखाएवढा तुकडा घेऊन पातं आणि मूठ दोन्हींवर पुसट हात. असं मेण ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात वस्तूंच्या जतनासाठी तयार झालं आणि आज चाकूवाल्यांतही सर्रास वापरलं जातं. मेण ओलावा अडवत नाही, त्याची ये-जा मंदावतं. तेवढंच हवं असतं. कार्बन पोलादावरची करडी-निळसर झाक ही गंज नव्हे, ती राहू द्या. लाल गंज मात्र काढावा. त्या जागी तेलाचा थेंब दिवसभर मुरू द्यावा आणि पितळेच्या टोकानं हलकेच खरवडावं. बफिंग मशीनच्या वाटेला जाऊ नये. पात्याच्या मुळाशी कारागिराचा शिक्का असतो, मशीन आधी तोच खातं.

कायदा आणि कागद

साइटिस, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार, १९७५ साली लागू झाला. आफ्रिकी हत्ती १९८९ मध्ये त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात गेला आणि हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार मुळातून बदलला. कासवाचं कवचही त्यातच. २०१७ पासून शिसवाच्या डालबर्जिया वंशातली जवळपास सगळी लाकडं दुसऱ्या परिशिष्टात आहेत, ब्राझिलियन शिसव तर आधीपासूनच पहिल्यात. मॅमथ नामशेष असल्यामुळे करारात नाही, पण काही देशांनी आणि राज्यांनी त्यालाही आडकाठी केली आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सांबरशिंगाचा व्यापार, शिंग गळून पडलेलं असलं तरीही, चालत नाही. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या कायदेशीर चाकूलाही आज सीमा ओलांडताना वय आणि मुठीचा पदार्थ सिद्ध करावा लागू शकतो.

म्हणून प्रत्येक चाकूची एक नोंद करून ठेवावी. कारागीर, साल, मूठ कशाची, कुणाकडून घेतला, आधीचे मालक, पावती, दोन्ही बाजूंचे फोटो. मुठीला आधीपासून असलेली चीरही फोटोत टिपावी, म्हणजे ती वाढते आहे का ते पुढे मोजता येतं. फक्त हा कागद चाकूच्याच डबीत घडी करून ठेवू नका, साध्या कागदातही आम्ल असतं.